एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्प

गिटारचा आवाज मोठा करणारा जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प घ्यायला मी सदर नावाच्या वस्तीत एका म्हाताऱ्या वादकाच्या घरी गेले होते. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलेलं. एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्प होते. सुरुवातीचा हाताने जोडलेला, नंतरचा छापील सर्किटचा. त्यातला एक विकायचा होता.

एका हाताने गिटारच्या मोकळ्या तारा छेडत त्यांनी दुसरा तळहात आळीपाळीने दोन्ही अ‍ॅम्पच्या जाळीवर टेकवला.

"खरं सांग वं पोरी, कोणता चांगला वाजून राहिला?"

त्यांना ऐकू येत नव्हतं. जुन्याचा आवाज भरदार होता, नव्याचा कोरडा. मी जुन्याकडे बोट दाखवलं आणि तो त्यांनीच ठेवावा, असं खुणेने सांगितलं.

"काहून? याच्याच समोर उभं राहून कान गेले माझे. तूच ने."

"आणि नवा?" मी नव्याकडे हात केला.

"तो राहू दे. तो घेतला तवा कान गेलेच होते, हाताच्या अंदाजानं वाजवत होतो. त्याचा आवाज कधी ऐकलाच नाही, म्हणून त्याची याद बी येत नाही."