बरणीतली हवा

यजमान गेले तेव्हा मला रडू आले नाही. पुढेही आले नाही. भेटायला येणारी माणसे माझ्या चेहऱ्याकडे पाहत, थोडी थांबत आणि काही न मिळाल्यासारखी परत जात. कोपरगावात तेव्हा गळीत हंगाम होता. साखर कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस वास घरभर पसरे, आणि तोही मला दुसऱ्या कुणाच्या घरातला वाटे.

त्यांच्या टेबलावर काचेची बरणी अर्धवट राहिली होती. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या त्यांना उजेडावर फिरणारे चक्र करायचे होते. सुईच्या टोकावर तोललेली अभ्रकाची चार पाती, प्रत्येक पात्याची एक बाजू काळी. बरणीतली जवळजवळ सगळी हवा काढली की ऊन पडताच ती फिरू लागतात, असे त्यांनी मला समजावले होते. जुन्या इस्त्रीतले अभ्रक त्यांनी कापून ठेवले होते. काळे करणे तेवढे राहिले होते. ते चक्र फिरले तर मला रडता येईल, असे मी मनाशी धरून बसले.

काळे करण्याची मला एकच रीत ठाऊक होती. निरांजनावर तांब्याची ताटली उपडी धरली, जमलेली काजळी खरवडली, आणि हाताच्या सवयीने तिच्यात तूप कालवले. बाळाच्या डोळ्यांत घालावे तितक्या हलक्या बोटाने ते पात्यांना लावले.

धाकटे दीर फ्रिज-एसी दुरुस्त करतात. ते हवा ओढणारा पंप घेऊन आले. पंप घुरघुरत राहिला, पण आतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाचा आकडा एका जागी येऊन अडला. उन्हात ठेवूनही पाती हलली नाहीत.

"गळती कुठं न्हाई वहिनी. साबणाचं पाणी लावून बघितलं." त्यांनी झाकण उघडले.

मी वाकले. आतून शिळ्या तुपाचा वास आला. काचेवर बारीक धुरकट थर होता.

"भाऊजी, मी काजळात तूप घातलं."

त्यांनी एका पात्यावर बोट फिरवून पाहिले. "म्हंजे दादाच्या चक्राला तीट लावली म्हना की! मग तुपाची वाफ आतून सुटत राहनार, अन् पंप बिचारा वढत बसनार."

ते हसले. मीही ओठ हलवले.

पाती आणि बरणी धुऊन वाळवली. या वेळी कापूर पेटवला आणि पाती चिमट्यात धरून थेट ज्योतीवर नेली. कोरडी, मखमली काजळी आपोआप बसली. तिला बोट लावायचे नव्हते. पंप पुन्हा सुरू झाला. आकडा खाली गेला, आणखी खाली गेला. भाऊजींनी व्हॉल्व्ह बंद केला आणि बरणी खिडकीत ठेवली.

पाती थरथरली. मग आवाज न करता फिरू लागली, उजळ बाजू पुढे, काळी मागे.

"दादा बघायला पायजे हुता," भाऊजी म्हणाले आणि खांद्यावरच्या पंच्यात तोंड लपवून हुंदके देऊ लागले.

मी वाट पाहिली. डोळे कोरडेच होते. भाऊजींसाठी पाणी आणले. ते गेल्यावर खिडकीशी खुर्ची ओढली. बरणीला तळहात लावला. काच कोमट होती. ऊन भिंतीवर सरकले, पाती मंदावली, थांबली. मी उठून बरणी उन्हात सरकवली.