चौदा रकाने आणि मागे जायचं बटण

आमच्या घरात ग्रॅज्युएट मी एकटी. हे मला स्वतःहून सांगावं लागत नाही, बाबा आधीच सांगून टाकतात. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या भैयालाही त्यांनी सांगितलंय, "हमारी बिटिया बीएससी है, कंप्यूटर वाली." तो म्हणाला, "अच्छा अंकल, ओटीपी बताइए."

त्यामुळे दादाच्या अधारतालच्या फोटो स्टुडिओची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा ती कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. दादा दहावीनंतर दुकानात बसला, म्हणून मी कॉलेजात बसू शकले. घरात हे कोणी बोलून दाखवत नाही, पण पाठ सगळ्यांना आहे.

निमित्त होतं आमच्या या हिंदी शहरातल्या मदन महल भागातल्या एका काकूंचं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिकडची जुनी मराठी घरं आजवर दादाकडे पासपोर्ट फोटोच्या पुढे गेली नव्हती. काकू मात्र म्हणाल्या, "तुझी वेबसाइट पाठव बेटा. त्या दुसऱ्याची पाहिली आहे. रविवारी निवांत पाहते आणि दोघांतून एकाला सांगते." दादाला वेबसाइटच नव्हती. तो "हो काकू, पाठवतो ना" म्हणाला आणि घरी येऊन माझ्याकडे पाहत उभा राहिला. हे एक लग्न मिळालं की त्या गल्लीतली पुढची लग्नंही आपलीच, असं त्याचं म्हणणं.

बाकी पानं दोन दिवसांत झाली. अडलं ते गॅलरीशी. वेबसाइटवर फोटो छोटे छोटे मांडलेले असतात. एकावर बोट ठेवलं की तो मोठा होऊन पुढे येतो आणि मागचं सगळं काळं पडतं. हे करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आयती मिळते, फुकट मिळते आणि ढिगाने मिळते. शिकलेल्या माणसाचा घात इथेच होतो. न शिकलेल्याने पहिली उचलली असती. मी तक्ता केला.

चौदा रकाने. स्क्रिप्ट जड की हलकी, सावली कशी पडते, फोटो सरकत येतो की उमलतो, खाली ओळ लिहिता येते का. सगळ्या स्क्रिप्टांच्या नमुन्याच्या पानांवर फोटो तेच: बर्फाचा डोंगर, निळं तळं, लाकडी टेबलावर कॉफीचा कप. असले फोटो कशातही सुंदरच दिसणार. आमच्याकडे हळदीने माखलेले नवरदेव आणि स्टेजवर रांगेत उभे बावीस पाहुणे, त्यातला एक हमखास मोबाइल पाहत असलेला. प्रत्येक स्क्रिप्टखाली लिहिलेलं, 'कोणीही पाच मिनिटांत बसवू शकेल.' त्या पाच मिनिटांनी माझी अख्खी सकाळ खाल्ली. हा 'कोणीही' कुठल्या कॉलेजात शिकला, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

दादाच्या फर्माइशी वेगळ्याच.

"फोटो असा गरगर फिरत यायला पाहिजे."

"काहून? पाहणाऱ्याला चक्कर आणायची आहे?"

"बरं, अल्बममध्ये बटर पेपर असतो ना? तो उचलला की खाली फोटो दिसतो. तसं करून दे."

"तसं नाही होत."

"मग तीन वर्षं कॉलेजात काय करून राहिली होती?"

मी तक्त्यात पहिली आलेली स्क्रिप्ट बसवली. फोटो मधोमध उमलायचा, मागे दाट काळोख, वर कोपऱ्यात नाजूक पांढरा क्रॉस. माझ्या कॉम्प्युटरवर पाहून बाबा म्हणाले, "एकदम पिक्चरसारखं है." दादाने काकूंना लिंक पाठवली.

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. दादाने स्पीकर लावला.

"बेटा, फोटो छान आहेत, पण तुझं दुकान सारखं बंद होऊन राहिलं."

"म्हणजे काकू?"

"एक फोटो उघडते, पाहते, मागे जायचं बटण दाबते, तर सगळंच जाते. मी पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. पुन्हा तुझी लिंक, पुन्हा फोटो, पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप. चार फोटोंत थकली मी."

मी पुढे झाले. "काकू, ते बटण नाही दाबायचं. वर उजवीकडे क्रॉस आहे, तो दाबायचा."

"कुठे? मंडपाचं कापड पांढरं, तुझा क्रॉसही पांढरा. आणि ते बटण दाबायचं नाही, तर मोबाइलला दिलं काहून?"

"सगळीकडे असंच असतं, काकू." हे मी डिग्रीचा आवाज लावून म्हणाले.

"त्या दुसऱ्याकडे नाही होत असं," काकू म्हणाल्या. "चलो, संध्याकाळी सांगून टाकते त्याला."

दादा ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. फोन ठेवून तो कॅमेऱ्याची काच पुसत बसला. काच स्वच्छच होती.

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती शाळेत गेलेली नाही, पण मोबाइलवर भाजीच्या रेसिपी रोज पाहते. "मी पण तेच दाबते," ती म्हणाली. "कुठूनही बाहेर यायचं तर तेच. क्रॉस कोण शोधत बसते?"

चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता. फोटो कसा येतो, ते मी माउस धरून दहा-दहा वेळा पाहिलं होतं. तो जातो कसा, हे मोबाइलवर एकदाही पाहिलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आईच्या हातात तिचा मोबाइल दिला आणि नमुन्याची पानं एकेक उघडून देत गेले. तिने कॉफीचा कप मोठा केला, बटण दाबलं. "गेलं." पुढची स्क्रिप्ट. "हे पण गेलं." तिसऱ्या-चौथ्या कपानंतर म्हणाली, "यांच्या घरी जेवत नाहीत का गं?" मग एकीत डोंगर मोठा झाला, आईने बटण दाबलं, डोंगर गेला आणि छोटे फोटो जागच्या जागी.

"हे राहिलं," आई म्हणाली.

माझ्या तक्त्यात ही अकरावी होती. सावली नाही, उमलणं नाही, फोटो नुसता येऊन उभा राहतो. तिच्यापुढे मी 'फालतू' असं लिहून ठेवलं होतं.

चार वाजेपर्यंत ती बसवली, आईच्या मोबाइलवर तपासली. दादाने बटर पेपरचं नावही काढलं नाही. त्याने काकूंना फोन केला, "काकू, एकदा पाहा ना. मनाला येईल ते बटण दाबा."

तासाभराने त्यांचा फोन आला. "आता राहते. सगळे पाहिले. बिदाईच्या फोटोत त्या मुलीचा बाप चष्मा पुसून राहिला, तो छान काढला तू. आमच्या लग्नाला तूच ये."

बाबांनी फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "हमारी बिटिया ने किया है जी, ग्रॅज्युएट है."

मी सरळ बोलणारी. म्हटलं, "काकू, निवडली आईने. बसवली मी." बसवायलाही शिकावं लागतं, तेवढं श्रेय मी कोणाला देणार नाही.

"मग आईलाही घेऊन ये लग्नाला," काकू म्हणाल्या.

दादा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायला लागला. लग्नाला अजून दीड महिना होता. आई म्हणाली, "त्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याचं दाखव बरं." मी उघडून दिलं. तिने एका नवरीचा फोटो मोठा केला, बटण दाबलं. नवरी गेली, बाकी सगळं राहिलं.

"त्याच्याही घरी कोणी असेल माझ्यासारखी," आई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.