नवीकोरी लेन्स

हे मी आईलासुद्धा बोलले न्हाई. नवऱ्याला तर न्हाईच. मग तुमाला काहून सांगून राहिले? तुमी शीतलला ओळखत न्हाई — म्हणून असंल.

शीतल माझी मैत्रीण. शिरड शहापूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी वारंगा फाट्याला पार्लर टाकलं तवा पहिली भुवई तिचीच कोरली. वाकडी झाली! तरी आरशात बघून म्हणाली, "बराबर हाय." असं माणूस पुन्हा भेटतं का?

लग्नात तिला घारे डोळे पाहिजे होते. फोटोपुरते. माझ्याकडं रंगीत लेन्सची एकच जोडी — आन ती आदल्या आठवड्यात मीच घालून मिरवले होते. डोळा लाल झालेला, सकाळी चिपडानं चिकटायचा. धूळ गेली असंल म्हणून सोडून दिलं. दुसरी जोडी हिंगोलीला मिळाली असती. मी गेले न्हाई — कंटाळा केला. लेन्सचं औषध संपलेलं, म्हणून माठातल्या पाण्यानं धुतली. आन तिच्या डोळ्यात घालताना म्हणाले, "नवीकोरी हाय गं. तुझ्यासाठीच फोडली."

लग्नानंतर दोनचार दिवसांतच तिचा डोळा सुजला. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, जंतू झालेत, लेन्स घातली होती का? शीतल म्हणाली, "घातली, पण नवीच होती." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. व्हय, नवीच.

मग घरच्यांनी तिच्या वहिनीला धरलं. वहिनीनं लाडानं हळद चोळली होती ना — तीच डोळ्यात गेली म्हणाले. बिचारी रडली, शपथा घेतल्या. कोण ऐकतं? शीतलच्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो.

ती अजून येते. लेकरू माझ्या मांडीवर देते, खुर्चीत डोळे मिटून निवांत पडते. पहिले कशी बघायची माझ्याकडं — दोन्ही डोळ्यांनी, खोडकर! ती समोर असताना मला तिचीच लई आठवण येते. कुणाला सांगू हे?

परवा तिच्या धाकट्या बहिणीची हळद होती. वहिनी मांडवाच्या खांबाशी उभी, हात पदराखाली. हळदीची वाटी फिरत तिच्यापाशी आली, तर शीतलच्या आईनं मधेच उचलून माझ्या हातात दिली. "तू लाव माय, तुझा हात चांगला हाय."

वहिनीनं मान खाली घातली.

मी हळद लावली.