साडीच्या बॉक्समधला कॉम्प्युटर

तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि कारण काय, तर शाळेच्या डायरीतल्या दोन ओळी!

आमची तन्वी पहिलीत आहे. तिच्या मॅडमनी लाल पेनानं इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत सांगायचं तर, "मुलगी वर्गात खोटं सांगते. म्हणते, मम्मी घरी कॉम्प्युटर बनवते. कृपया लक्ष द्यावे." वर्गातल्या पोरांनी तर तिचं बारसंच केलं होतं. 'गप्पीदास', म्हणजे थापाड्या!

आता अडचण अशी, की मी खरंच घरी कॉम्प्युटर बनवत होते. फक्त तो चालत नव्हता.

माझा नवरा नितीन हजीऱ्याला एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. डायरी वाचून तो शांतपणे म्हणाला, "खोटं कुठंय यात? बनवतेच आहेस की. दीड वर्षं!"

मी घाबरत घाबरत डायरीत उत्तर लिहिलं, "दसऱ्यानंतरच्या शनिवारी कॉम्प्युटर घेऊन येते." बंद कॉम्प्युटर घेऊन गेले असते, तर पोरगी आणि आई दोघीही गप्पीदास!

तुम्ही कधी एखादी वस्तू उघडून पुन्हा जोडली आहे का? शेवटी दोन-चार स्क्रू उरतातच. कुठले, ते कळत नाही, पण टाकवतही नाहीत. या कॉम्प्युटरचे किस्से असेच उरत गेले. मशीनचं पुढे काय व्हायचं ते होवो, किश्शांचा डबा मात्र भरला.

* * *

कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या लॅपटॉपसारखा नव्हे हं. जुन्या पद्धतीचा, आठ बिटचा. जुन्या टीव्हीला जोडायचा, चालू केला की काळ्या पडद्यावर एक छोटा चौकोन लुकलुकतो आणि तुम्ही काही टाइप करायची वाट बघतो. बस्स! मी डिप्लोमाला होते तेव्हा लॅबच्या कपाटात तसला एक होता. सर त्याला हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हापासूनचं हे खूळ. तन्वी झाल्यावर नोकरी सुटली, खूळ काही सुटलं नाही.

त्याचा प्रोसेसर मिळाला कामरेजला, भंगारात, एका जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनच्या पॅनेलमध्ये. मला तिथे घेऊन गेले जिभाऊ. जिभाऊ म्हणजे कोसाडच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारे, आमच्याच पारोळ्याकडचे. उभा जन्म लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करण्यात गेला, आता रिटायर.

भंगारवाल्यानं माझ्या हातातली चिप बघून गुजरातीत विचारलं, "बाबानो स्कूल प्रोजेक्ट छे?"

म्हटलं, "नाही भाई, मुलाचा नाही. माझाच आहे."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तमे कया धोरणमां छो?"

म्हणजे मी कितवीत आहे! जिभाऊ परतीच्या वाटेवर रिक्षात अमरोलीपर्यंत हसत होते.

* * *

सासूबाई गेल्या दिवाळीला गावाहून आल्या. डायनिंग टेबलावर वायरींचं जंगल. त्यांनी मला काही विचारलं नाही, जिभाऊंना विचारलं. "कॉम्प्युटर काय ईकत मिळतस नही का, जिभाऊ?"

जिभाऊ म्हणाले, "पापड बी ईकत मिळतस, माय. तरी तू लाटसच ना?"

सासूबाई त्यानंतर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून भाजी निवडायला लागल्या. एकदा तर मला म्हणाल्या, "तुन्हा पापड कधी वाळतीन वं?"

* * *

आता नितीनचं सांगते. प्लांटमध्ये काम करणाऱ्या माणसाशी संसार म्हणजे सेफ्टीशी संसार. सुटे भाग बोर्डावर डाखायची सोल्डरिंगची गन गरम करायची, तर आधी त्याच्याकडून परमिट घ्यायचं! खिडकी उघडी, बाजूला वाळूची बादली, मी चष्म्यात. तन्वीला मी स्वतःच जिभाऊंकडे पाठवायची, कारण सोल्डरमध्ये शिसं असतं आणि शिशाबद्दल मी इंटरनेटवर इतकं वाचलंय, की माझ्या मोबाइललाच आता काळजी वाटत असेल.

प्लांटमध्ये एक नियम असतो. कुणी लाइनवर काम करत असेल, तर मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून स्विच चालू करायला नको. एकदा मी सहज म्हणाले, "उद्या मी पॉवर सप्लायची वायरिंग तपासणार आहे."

सकाळी उठून बघते तर पंखा बंद. फ्रिज बंद. मिक्सर बंद. आणि मेन स्विचच्या डब्याला हे एवढं कुलूप! वर लाल टॅग: 'काम चालू आहे. चालू करू नये. – नितीन'. साहेब पहिल्या पाळीला हजीऱ्याला, किल्ली त्यांच्या खिशात, आणि प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी!

दूध नासलं, डोशाचं पीठ डब्याबाहेर आलं, तन्वीनं घामाघूम होऊन मला विचारलं, "मम्मी, आपण गरीब झालो का?"

चार वाजता नितीन आला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं कुलूप बघितलं, जागच्या जागी होतं. त्याचा चेहरा इतका खुलला! म्हणाला, "बघ! सिस्टीम काम करते!"

* * *

तर डायरी आली तेव्हा दसऱ्याला बारा दिवस उरले होते आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. कुठेतरी जोड कच्चा होता. मग मी समोरच्या विपुलभाईंना हाक मारली. विपुलभाई हिरे घासतात. डोळ्याला आयग्लास, म्हणजे हिरे तपासायचं भिंग लावलं, की त्यांना जे दिसतं ते देवालाही दिसत नसेल.

त्यांनी बोर्ड हातात घेतला आणि लाल पेनानं खुणा करायला सुरुवात केली. "आ पास. आ रिजेक्ट. आ रिजेक्ट. आमां डाघ छे. आ रिजेक्ट..." शेवटी मान वर करून म्हणाले, "बेन, हीरो होत तो आखो लॉट पाछो जात!" हिरे असते तर अख्खा लॉट परत!

मी खुर्चीतच लहान लहान होत चालले होते. तेवढ्यात ते एका कोपऱ्यावर थांबले. आयग्लास काढला, पुसला, परत लावला. "वाह! आ कोणे कर्युं? एकदम फर्स्ट क्लास!"

"मीच," मी म्हणाले.

तो जोड कारखान्यातून आलेला होता. आयत्या मिळालेल्या पट्टीवरचा. पण अख्ख्या दुपारीत एकच कौतुक वाट्याला आलं होतं हो! सोडवलं नाही.

तन्वी माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. तिनं एकदा त्या जोडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

* * *

चाळीस जोड पुन्हा केले आणि दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी, पोळ्या चालू असताना, चौकोन लुकलुकला! मी लाटण्यासकट ओरडले. संध्याकाळी सगळ्यांना बोलावून मी पडद्यावर एक मोर काढून दाखवला. मोठ्ठाल्या चौकोनांचा, जिन्यासारख्या पायऱ्या पायऱ्यांचा.

टाळ्या झाल्या. जिभाऊ मात्र चष्मा सारखा करत पडद्याजवळ गेले, बोट लावून बघितलं, आणि काळजीनं म्हणाले, "हाई इतलं जाडं सूत कोठून आनं वं, माय?"

मी समजावलं, की जिभाऊ, जुना कॉम्प्युटर आहे, याच्यात चित्र असंच येतं. त्यांना ते पटलं नाही. जिन्यातून खाली उतरताना विपुलभाईंना सांगत होते, "पोरगी हुशार शे. मालच खराब मिळी गया."

* * *

मग दसरा. लूमवाल्यांचा मोठा सण. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, पूजा करायची. मी देवाची पूजा करून श्रीखंडाच्या मागे लागले होते. जिभाऊ वर आले, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला, आणि बोट चांगलं पाण्यात भिजवून थेट प्रोसेसरवर हळदी-कुंकू लावलं. मनापासून. ओघळ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चालू केला तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं! वरपासून खालपर्यंत. शनिवारला दोन दिवस!

मी रॅम बदलून बघितली, केबल बदलून बघितली, रडूनही बघितलं. शेवटी विपुलभाईंनी आयग्लास लावला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बेन... कंकू छे."

चिपच्या दोन पायांमध्ये ओलं कुंकू! स्पिरिट आणि टूथब्रशनं मी ते साफ करत होते आणि जिभाऊ बाजूला उभे. म्हटलं आता तरी ओशाळतील. तर म्हणाले, "कुकूले दोष नको दिऊ. तीस वरीस मी लूमले कुकू लावं. एक बी लूम बंद पडना नही. तुन्हं मशीनच नाजूक शे!"

* * *

शनिवार. कॉम्प्युटरला पेटी नव्हती, म्हणून जिभाऊंनी साडीचा एक कडक पुठ्ठ्याचा बॉक्स दिला होता, वर सोनेरी वेलबुट्टी असलेला. त्यातच कीबोर्ड आणि बोर्ड बसवला. नितीननं सुट्टी टाकून टीव्ही उचलला.

मॅडमनी माझ्या हातातला बॉक्स बघितला आणि एकदम लाजल्या. "अरे, एनी शुं जरूर हती!" त्यांना वाटलं, साडी! हातही पुढे केला. मी बॉक्स छातीशी धरून मागे सरकले. मधे नितीन. "मॅडम, एक मिनिट. तुमच्या सॉकेटला अर्थिंग आहे ना?"

अशी आमची सुरुवात!

पहिलीची चाळीस पोरं मांडी घालून समोर बसली होती. तन्वी माझ्याशेजारी उभी, ओठ घट्ट मिटून. मी स्विच दाबला. पडदा काळा. काळाच. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "गप्पीदास..." तन्वीनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. मी केबल काढली, फुंकर मारली, परत लावली.

चौकोन लुकलुकला.

मी दोन ओळींचा प्रोग्रॅम टाइप केला. तन्वीनं एका बोटानं एकेक अक्षर शोधत आपलं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. तिच्या नावानं अख्खा पडदा भरून वाहायला लागला, थांबेचना! पोरं उठून उभी राहिली. 'गप्पीदास' म्हणणारा मुलगा सगळ्यांत पुढे.

मॅडम चांगल्या होत्या. सगळ्या वर्गासमोर खाली वाकल्या आणि तन्वीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सॉरी बेटा. तू साचुं बोलती हती."

मी मान ताठ करून म्हणाले, "मॅडम, आमची तन्वी कधीच खोटं बोलत नाही."

तन्वीनं एकदा वर्गाकडे बघितलं, एकदा टीव्हीजवळ वायर गुंडाळत बसलेल्या नितीनकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अने मारा पप्पा जहाज बनावे छे. बाथरूममां."