आत्यानं ठेवलेलं गेलिक नाव

माझं नाव माझ्या बाबांना तीन आठवड्यांनी कळलं. मी कोकणात जन्मले तेव्हा ते इथे बहरीनमध्ये होते, अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यातल्या कामगारांची बस चालवायचे. मुलगी झाल्याची तार तेवढी गेली होती, पण घरी फोन नव्हता आणि आईला लिहिता येत नव्हतं. बारसं झाल्यावर शाळेतल्या गुरुजींनी पत्र लिहून दिलं. ते पोचेपर्यंत कॅम्पच्या खोलीतले सगळे रोज विचारायचे, मुलीचं नाव काय ठेवलं? बाबा सांगायचे, "येता हा. वाटेर आसा."

धाकट्या भावाच्या वेळी तीच गत. बाबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दीड वर्षाचा होता, आणि या अनोळखी माणसाला घाबरून तो आईच्या पदराआड लपला होता. बाबा त्या सुट्टीत त्याच्या मागे मागे फिरले. तो जवळ यायला लागला तेव्हा सुट्टी संपली.

बाबांच्या त्या बसनं मला कॉलेजात पोचवलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. बी.कॉम. होऊन मनामात अकाउंटंट म्हणून आले, मागून भावाला आणलं. तो झल्लाकच्या एका हॉटेलात एसीची कामं करतो. तिथे पोहायला शिकवणारी, स्कॉटलंडच्या एका बेटावरची मुलगी त्याला आवडली. तिलाही तो आवडला याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

लग्नानंतर त्यांना सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. आई-बाबा व्हिजिट व्हिसावर आधीच येऊन बसले होते. हॉस्पिटलात फॉर्म भरताना नावाची जागा आली, तेव्हा भावानं क्लार्कला सांगितलं, बाराव्या दिवशी कळवतो, आत्या ठरवेल. क्लार्क म्हणाला, इंशाल्ला.

घरी आल्यावर भावजयीनं मला बाजूला घेतलं. तिला आमची रीत माहीत होती. ती म्हणाली, "ताई, नाव तूच ठेव. तुझा हक्क आहे. फक्त ते माझ्या आईच्या भाषेतलं, गेलिक ठेव." तिची आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेली होती. माझी अडचण नको म्हणून तिनं नऊ नावांची यादी लिहून फ्रिजवर लावली.

मी हो म्हटलं. पण आईनं गावच्या भटजींकडून फोनवर पत्रिकेचं अक्षर मागवून घेतलं होतं. तिला न आवडलेलं नाव ठेवलं असतं, तर तिनं भांडण काढलं नसतं. जन्मभर नातीला नुसतं 'बाय' म्हटलं असतं. आणि ज्या बाईनं माझ्या हाती हा मान दिला, तिला ते रोज ऐकावं लागलं असतं.

म्हणून मी यादी आईपुढे वाचली. आईनं आपली परीक्षा काढली. तिचं म्हणणं, नाव म्हणजे हाक, जेवायला बोलावून बघायचं. ती स्वयंपाकघरातून एकेका नावानं हाक मारायची आणि हॉलमधून बाबांनी नातीच्या वतीनं ओ द्यायची. तिसरं नाव तिच्या तोंडून कोंबड्या हाकलल्यासारखं निघालं. पाचव्याला बाबा म्हणाले, ह्या नावाच्या बाईकडे जेवायला जायची मला भीती वाटते. भावजय बाळाला घेऊन आत इतकी हसली की बाळ रडायला लागलं. खेळ छान झाला, पण नऊपैकी एकही नाव पास झालं नाही.

दहाव्या दिवशी मी भावजयीच्या वडिलांना व्हिडिओ कॉल केला. ते बेटावर एकटेच असतात. मी सरळ विचारलं, तुमच्या घरात नाव कसं ठेवतात? ते म्हणाले, पहिल्या मुलीला तिच्या आईच्या आईचं. मग लगेच म्हणाले, पण ते जुनं झालं, तुम्ही तुमच्या आवडीचं ठेवा. आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यांच्या बायकोचं नाव मला ठाऊक होतं. यादीत ते नव्हतं.

भावजयीला विचारलं, का नाही लिहिलंस? तिनं बाळाची टोपी सारखी केली. म्हणाली, ते लिहिलं असतं तर तुला निवडायला काय उरलं असतं?

मी स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, भटजींच्या अक्षराशी हे नाव जुळत नाही तेही सांगितलं. आई बराच वेळ काड्या मोडत राहिली. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. माहेरचं नाव काय होतं, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मग आपल्या आईला आठवून ती म्हणाली, "माझ्या आवशीन ठेवलेला नाव तांदळात पुसला. माका कोणी इचारूक नाय. तिच्या आवशीचा नाव तरी ऱ्हवांदे."

आणि तिथल्या तिथे, हळू आवाजात, तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

बाराव्या दिवशी भावानं पाइप जोडून स्टँड केला आणि त्याला आईच्या साडीची झोळी बांधली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. बाबा रीतीप्रमाणे दाराशी पुरुषांत उभे होते. त्यांना मी आत बोलावून झोळीची दोरी हातात दिली. मग बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव मोठ्यानं सांगितलं: मोराग. आत्याच्या पाठीत धपाटे घालतात हे भावजयीला आईनं आधीच शिकवून ठेवलं होतं. रोज पोहणारीचा हात तो. माझी पाठ दोन दिवस दुखत होती.

भावजय वडिलांना फोनवर पाळणा दाखवत होती. बाबांनी दोरी न सोडता दुसऱ्या हातानं आपला फोन काढला आणि कॅम्पमधल्या जुन्या सोबत्याला गावी लावला. म्हणाले, "वाटेर होता ता नाव इला."

दुसऱ्या दिवशी भावानं फॉर्म भरून दिला. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईच्या आईचं नाव आहे. माझी आई तिला त्याच नावानं हाक मारते.