पॅकबंद ट्रक

आमच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा, सोफा प्लॅस्टिकच्या कव्हरात, आणि फ्रिजच्या हँडललाही एक झबलं होतं. हे सगळं माझं कर्तृत्व. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात इतकी वर्षं काढल्यावर उघडी वस्तू दिसली की माझ्या हातांना चैन पडत नसे.

तेव्हा आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. लेक चौथीत होती. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात पोरांच्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत लागायची. पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत, वाटेत फुटक्या लाद्या. नियम एकच: सुटलेल्या गाडीला हात लावला की बाद. मागच्या वेळी मी पसंत केलेल्या चकचकीत लाल गाडीचं चाक पहिल्याच लादीला निखळलं होतं आणि गॅलऱ्यांतून हशा पिकला होता.

"बाबा, नंबर नकोय मला," लेक म्हणाली. "फक्त गेटपर्यंत पोचायचंय."

मग आम्ही उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. तिथे रिमोटवर चालणारे ट्रकच डझनभर होते. मी एकेक हातात तोलत, टपावर टिचक्या मारत टिकाऊपणा तपासू लागलो. दुकानदाराने माझ्या हातातला ट्रक काढून घेतला.

"साईं, ये ट्रक है, तरबूज नहीं."

लेकीने मात्र एक ट्रक उलटा केला, चाकांवरच्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या, टायरला नख लावलं. "रबरी आहेत बाबा. आणि पोट जमिनीपासून उंच आहे, लादीला घासणार नाही."

"बच्ची को समझता है," असं म्हणत दुकानदाराने तो ट्रक सरळ काउंटरवरून खाली सोडला. ट्रक उसळला आणि चाकांवर उभा राहिला. "आई गं" कोण ओरडलं म्हणाल, तर मी.

रविवारी ट्रक चार्ज करून लेक आंघोळीला गेली. तेवढ्यात मी कारखान्यातली उरलेली पातळ प्लॅस्टिक फिल्म काढली आणि ट्रकचं अंग छान गुंडाळून टाकलं. नव्या रंगावर ओरखडे कशाला?

"अहो, तो शर्यतीला चाललाय, एक्स्पोर्टला नाही," बायको म्हणाली.

लेकीने ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तसाच उचलून घेऊन गेली.

ट्रक काय पळाला! लाद्यांवरून बकरीसारख्या उड्या मारत दुसरा होता. गेट दहा पावलांवर असताना फिल्मचं टोक सुटलं आणि मागच्या चाकांत गरगर गुंडाळलं. घर्रर्र करून ट्रक थांबला.

"अरे, पार्सल आलंय, पार्सल!" पहिल्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं.

"पत्ता बघा रे, आमचं नाही ना?" समोरचे काका. पुन्हा तोच हशा.

मी पायजम्यावरच धावलो, वाकलो.

"बाबा, हात नाही लावायचा! बाद होईन मी!"

मी दोन्ही हात वर करून, पोलिसांनी धरल्यासारखा उभा राहिलो. बाकीच्या गाड्या गेटला पोचल्यासुद्धा. लेक ओठ चावत रिमोट दाबत होती. जरा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे. मोटर कण्हत होती, पण जळली नाही. हळूहळू चाकांतली फिल्म उलटी सुटत गेली, एका फुटक्या लादीच्या टोकाला अडकली आणि ट्रकने जोर करताच सगळीच्या सगळी सोलून निघाली. उघडाबोडका ट्रक गेटला जाऊन धडकला. शेवटचा.

"पोचला!" लेक एवढ्या जोरात किंचाळली की पहिल्या आलेल्या मुलाला वाटलं, आपण हरलो.

घरी आल्यावर तिने चिखलाने माखलेला तो ट्रक थेट सोफ्यावर ठेवला. मी तोंड उघडणार, एवढ्यात बायकोने टीव्हीचा रिमोट उचलला, त्याचं रबरबँड काढलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी पिशवी खिशात घातली. तिथे आधीच आवारातून गोळा केलेली ती फिल्म होती. नीट घडी घातलेली. चांगली होती हो अजून.