बोळीपलीकडचा व्हिडिओ गेम

१९९५ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि थोरल्या भावाशी, नानाशी, बोलत नव्हतो. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात दोघांची घरं शेजारी, मधे एक बोळ. त्याची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी लेक शिंदखेड्याहून माहेरी आली, तीन लेकरं घेऊन. नानाने त्याच्या नातवाला टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता, गावातला पहिलाच. लेकीची लेकरं बोळीत उभी राहून त्याच्या खिडकीतून बघायला लागली. नाना आतून गरजला, "तुमना आबाले सांगा लेवाले! पन त्याले काय समजस त्यामा? चौथी नापास मानूस!" आणि खिडकी लेकरांच्या तोंडावर आपटली. धाकट्या नातीचं बोट झडपेत सापडता सापडता राहिलं.

मला चौथी नापास म्हण, शंभरदा म्हण, मी आहेच. पण आखाजीला आलेली लेक एका घरची नसते, अख्ख्या भावकीची असते. तिच्या लेकरांना कोणी दारातून परत लावत नाही. लेकीने सगळं ऐकलं होतं. ती गुपचूप पिशवी भरायला लागली. "आबा, आम्ही उद्याच जातस."

"उद्या दुपारपर्यंत थांब. मग जा, अडवणार नाही," मी म्हणालो.

सकाळी पहिल्या गाडीने धाकटीला घेऊन जळगाव गाठलं. दुकानदाराने एक कॅसेट लावली. त्यात दोन उघडे गडी एकमेकांना लाथा घालत होते.

"हे चालतं सध्या, बाबा."

"भाऊबंदकी घरी फुकट शे. पैसे देऊन कशाला पाहू? दुसरं दाखव."

दुसऱ्यात बंदूक. तिसऱ्यात मोटार, पण पळवायची एकट्याने. बाकीच्यांनी काय माशा मारायच्या? मग क्रिकेट लावलं. मी धाकटीला स्टुलावर उभं केलं आणि बटणं तिच्या हातात दिली. दुकानदार हसला. "बाबा, आधी घ्या, घरी जाऊन शिकेल ती."

"बैल चालवून पाहिल्याशिवाय दावं हातात घेत नाही मी. घरात सगळ्यात लहान ही. हिला जमलं तर बठ्ठ्यांना जमलं."

क्रिकेटात तिचा गडी पुन्हा पुन्हा आऊट. ती रडकुंडीला आली. "काढ ते," मी दुकानदाराला म्हणालो.

शेवटी टेनिस. जाळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोघं एकदम खेळणार. धाकटीने चेंडू पलीकडे मारला आणि दुकानात टाळ्या पिटल्या. मी खिशात हात घातला.

माझा टीव्ही काळा-पांढरा, नानाचा रंगीत. पण पांढरा चेंडू माझ्याकडे काय कमी दिसत होता? मोठ्या नातवाने वायर जोडली. टीव्ही मी मुद्दाम अशा कोपऱ्यात ठेवला की नानाच्या खिडकीतून नीट दिसावा. जेवणं होईपर्यंत आळीतली पोरं जमली. आणि त्यांच्यात नानाचा नातूही. त्याच्याकडे एकट्याने खेळायचं, हरला तरी चिडवायला कोणी नाही.

मी त्याला हाकललं नाही. पुढे बसवलं, पहिला डाव त्यालाच दिला, वर आमरसाची वाटी. बदला घ्यायचा तर असा, की समोरच्याला बोंब मारता येऊ नये.

नानाने आधी त्याच्या खिडकीतून हाका मारल्या. नातू ऐकेना. मग वर्षानुवर्षं माझी पायरी न चढलेला माणूस माझ्या ओसरीत येऊन उभा राहिला.

"पोऱ्याले घर धाड," नाना म्हणाला.

"तूच बलाव. मना घरमा कोनी कोनले हाकलत नही."

त्याने नातवाचा दंड धरला. नातू ओरडला, "तुमनाकडे मजा नही, आजोबा!" सगळी आळी हसली. माझी लेक सगळ्यात मोठ्याने हसली. नाना मान खाली घालून एकटाच पायरी उतरला. लोक म्हणाले, आबा, आता सोडून दे. का सोडू? त्या झडपेत माझ्या नातीचं बोट जाणार होतं.

दुपारची गाडी कधीच निघून गेली होती. लेकीने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली, माझी खिडकी कधी कोणाच्या तोंडावर आपटू नये म्हणून तिच्या दोन्ही झडपा बिजागऱ्यांसकट उपटल्या, फोडून चुलीत घातल्या, आणि त्यांच्यावर लेकीसाठी चहा ठेवला.